कोकणात बिल्डरकडून आपल्या सोयीचं घर: जागा आणि बिल्डर निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत रस्त्याच्या कडेला बंगला-स्कीमच्या पाट्या लागलेल्या दिसतात. प्लॉट बिल्डरचा, प्लॅन त्याच्या तीन-चार नमुन्यांतला, आणि त्यात आपल्याला हवे ते थोडेफार बदल, असा हा प्रकार. त्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जमिनीचे प्रश्न आधी घेतले आहेत आणि बांधकामाचे नंतर. विचार करतानाही हाच क्रम ठेवावा.

१. तयार बंगला नाही आणि स्वतः बांधलेलाही नाही. मग आपण नेमकं काय विकत घेतो?

दोन गोष्टी: जमिनीचा तुकडा आणि त्यावरचं बांधकाम. काही बिल्डर दोन्हींचा मिळून एकच करार करतात. काही जण प्लॉटचं खरेदीखत वेगळं करतात आणि बांधकामाचा करार वेगळा. पहिल्याच भेटीत हे विचारा, कारण पुढचं बरंच काही त्यावर ठरतं. दोन करार असतील तर जमीन लवकर नावावर होते, हे चांगलं. पण घराचं काम मग साध्या ठेक्यासारखं होतं आणि रेराचं (घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर संपदा कायद्याचं) संरक्षण त्याला पूर्ण लागू आहे की नाही यावर वाद घालायला जागा राहते (प्रश्न १८ पाहा).

दुसरा प्रश्न: जमीन बिल्डरच्या स्वतःच्या नावावर आहे का? पुष्कळदा मालक गावातला कोणीतरी असतो आणि बिल्डरकडे फक्त विकसन करार किंवा कुलमुखत्यारपत्र असतं. तसं असणं चूक नाही. पण ते कागद नोंदणीकृत हवेत आणि तुमच्या वकिलाने ते मुळातून वाचलेले हवेत.

२. आधी बिल्डर शोधावा की गाव?

गाव. चांगला बिल्डर वाईट जागेवर फार काही करू शकत नाही. विहीर मार्चमध्ये आटते, पाऊस डोंगराचा गाळ थेट अंगणात आणतो, पोचायचा रस्ता दुसऱ्याच्या मालकीचा निघतो. यातलं काहीही टाइल्स बदलून सुटत नाही. आधी तालुका, मग गाव, मग वाडी आणि शेवटी त्या वाडीत काम करणारे दोन-तीन बिल्डर अशा क्रमाने जा.

जागा दोनदा पाहा: एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत. स्कीमवाले साइट व्हिजिटला बोलावतात ते डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा कोकणातली कुठलीही जागा छानच दिसते.

३. आमच्या नावावर शेती नाही. आम्हाला कोकणात जागा घेता येते का?

शेतजमीन नाही घेता येत. कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अकृषिक म्हणजे एनए झालेला प्लॉट मात्र कोणालाही घेता येतो. म्हणून शेतकरी नसलेल्याने "एनए होणार आहे, फाइल टाकली आहे" या वाक्यावर टोकन देऊ नये.

परदेशात राहणाऱ्या नातेवाईकांकडूनही हा प्रश्न येतो. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक) यांना राहतं घर घेता येतं, पण शेतजमीन, बागायत आणि फार्महाउस विकत घेता येत नाही. वारसाने मिळालं तर गोष्ट वेगळी.

४. सातबाऱ्यावर बिल्डरचं नाव आहे. आणखी काय बघायचं?

खूप काही. कोकणातला सातबारा सावकाश वाचावा लागतो.

आधी भोगवटादाराचा वर्ग. वर्ग १ असेल तर हस्तांतर मोकळं असतं. वर्ग २ असेल तर सरकारच्या अटी असतात आणि परवानगीशिवाय झालेला व्यवहार अंगाशी येतो. मग "इतर हक्क" हा रकाना. कुळाचं नाव, "कलम ४३ च्या बंधनास पात्र", सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वनखात्याचा शेरा, हे सगळं तिथे असतं आणि लोक नेमका तोच रकाना सोडून देतात. कलम ४३ चा शेरा म्हणजे ती जमीन कुळकायद्याने कुळाला मिळालेली आहे. ३२-म चं प्रमाणपत्र (कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला) कधीचं आहे, ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यानंतर नावं. मयत आजोबांच्या खाली पंधरा-वीस वारस, निम्मे मुंबईत, एक आत्या बडोद्याला आणि एक चुलतभाऊ कुठे आहे कोणालाच ठाऊक नाही, असे सामाईक सातबारे कोकणात घरोघरी आहेत. बिल्डरने त्यातल्या सात जणांच्या सह्या घेऊन जमीन घेतली असेल, तर उरलेल्यांचा हक्क जिवंतच असतो. एका हिस्सेदाराने आपला अविभक्त हिस्सा विकला, तरी जमिनीवर नेमका कोणता तुकडा त्याचा हे ठरत नाही. म्हणून फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) मागवा, एक-दोन नव्हे, मागच्या तीस वर्षांतले सगळे. मुलींची नावं वारस नोंदीत आली आहेत का, किंवा त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का, ते तपासा. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं "विसरण्याची" जुनी खोड आहे, आणि त्या बहिणींची मुलं आता वकील लावून येतात.

जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी गुंतागुंतही आहे. सिंधुदुर्गात आकारी पड (सारा न भरल्याने सरकारकडे गेलेली जमीन), १९७५ च्या कायद्यातली खासगी वनं, आणि आंबोली-गेळे-चौकुळकडे कबुलायतदार गावकर जमिनी (गावकऱ्यांच्या सामाईक वहिवाटीच्या). रायगडात आदिवासी खातेदाराची जमीन मध्येच कुठे आली का ते पाहावं, कारण ती परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊच शकत नाही.

वकील त्याच तालुक्यातला घ्या, पण बिल्डरने सुचवलेला नको. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावा. गावात कोणाची हरकत असेल तर ती तेव्हाच बाहेर येते.

५. "दोन एकरांत वीस हिस्से, सातबाऱ्यावर तुमचं नाव लागेल, घर आम्ही बांधून देऊ" अशी जाहिरात आहे. स्वस्त वाटतंय. घ्यावं का?

नको. हा अविभक्त हिस्सा आहे. तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचे लहान तुकडे सुटे विकता येत नाहीत, म्हणून सगळ्यांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवली जातात. तुमच्या कुंपणाला सरकारी नकाशात अस्तित्व नसतं. कर्ज मिळत नाही, बांधकामाची परवानगी स्वतंत्र निघत नाही, आणि विकायला गेलात तर बाकीचे एकोणीस जण आडवे. मंजूर रेखांकन, एनए आणि प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा या तिन्ही गोष्टी असतील तरच तो प्लॉट.

६. समुद्रापासून किती अंतरावर घर चालतं? बिल्डर म्हणतो, "सीआरझेडचं आम्ही बघून घेतो."

बघून घेण्यासारखी ती गोष्ट नाही. सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. त्याच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग होतात. २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या गावांत भरतीरेषेपासून ५० मीटर बांधकाम-बंदीचा पट्टा असतो. त्याहून विरळ गावांत २०० मीटर. कोकणातली बहुतेक किनारी गावं विरळ वस्तीचीच आहेत. ५०० मीटरपर्यंत सीआरझेडची हद्द चालू राहते, म्हणजे २०० च्या पुढेही परवानगीचा मार्ग वेगळा. खाडीच्या काठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते. कांदळवनाचं क्षेत्र १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याभोवती आणखी ५० मीटर.

अंतर वाळूपासून मोजत नाहीत, भरतीरेषेपासून मोजतात, आणि ती रेषा डोळ्याने ठरत नाही. मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आपला गट नंबर कुठे पडतो ते बिल्डरने लेखी दाखवावं. "शेजारच्याने बांधलंय की" हे उत्तर धरू नका. ते घर पिढीजात कोळ्याचं असू शकतं, आणि स्थानिकांच्या जुन्या घरांच्या दुरुस्तीला नियम निराळे आहेत.

आणि खरं सांगायचं तर लाटा दिसणाऱ्या घरात खिडक्यांच्या बिजागऱ्या, एसीची बाहेरची पेटी आणि गेट फार लवकर गंजतं. एक-दीड किलोमीटर आत, माडांच्या आडोशाला असलेली वाडी राहायला जास्त सुखाची.

७. पूर आणि दरडीचा धोका बाहेरच्या माणसाला कसा कळणार?

पुराचं तुलनेने सोपं आहे. नदीकाठच्या शहरांसाठी जलसंपदा खातं दोन रेषा आखतं: निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. प्लॉट त्यांच्या आत आहे की बाहेर, ते नगररचना कार्यालयात कळतं. पण कागदावर थांबू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलं होतं, हे तिथला कुठलाही दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतो. महाड-खेडकडेही तसंच. भात होतं तो मळा भरून केलेल्या स्कीमपासून सावध राहा. तिथे पाणी मुरायचं ते आता तुमच्या शेजाऱ्याकडे जाणार, किंवा त्याचं तुमच्याकडे येणार.

दरडीचा धोका ओळखणं अवघड आहे. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला. उतार कापून पायऱ्या पाडलेल्या प्लॉटिंगमध्ये कापाची उंची किती, संरक्षक भिंत आहे का, तिच्यात पाणी बाहेर पडायला भोकं ठेवली आहेत का, आणि वरचा पऱ्या (डोंगरातला ओढा) कुठे वळवला आहे, हे पाहा. पऱ्या, मालवणीत व्हाळ, बुजवून वर रस्ता केलेला दिसला तर तिथून परत फिरा. पाणी जुन्या वाटेनेच येतं.

जुनी वाडी कुठे वसली आहे तेही बघा. डोंगराच्या अगदी कुशीत नाही, मळ्यात नाही. दोन्हींच्या मधल्या भरडावर. तीन-चार पिढ्यांनी पावसाळे बघून ती जागा धरलेली असते.

८. एवढा पाऊस पडतो तिथे पाण्याची काळजी कशाला?

पाऊस पडतो जून ते सप्टेंबर, आणि पडलेलं बहुतेक पाणी काही तासांत खाडीला लागतं. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र. एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या कितीतरी वाड्यांत टँकर येतो. म्हणून प्रश्न २ मध्ये मे महिन्यात जा म्हटलं आहे. तेव्हा विहिरीत डोकावा आणि पाणी भरायला आलेल्या बायकांना विचारा. बिल्डरच्या माहितीपत्रकात "२४ तास पाणी" लिहिलेलं असतं. त्या बायका तारखेनिशी सांगतील.

खाडीजवळच्या विहिरी आणि बोअर उन्हाळ्यात मचूळ होतात. पाण्याची तपासणी मे महिन्याच्या नमुन्यावर करून घ्या. ऑगस्टच्या नमुन्याला काही अर्थ नाही.

पावसाचं पाणी साठवणं हा उपाय आहे, पण हिशोब माहीत असावा. १०० चौरस मीटर छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. साठवणार कुठे? २० हजार लिटरची टाकी चार माणसांना, दिवसाला ४०० लिटर धरून, ५० दिवस पुरते. म्हणजे ती विहिरीची जागा घेत नाही, पण एप्रिलच्या मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंतचे दिवस निभावून नेते. जोत्याखाली अशी टाकी घालायची असेल तर पाया खोदण्याआधीच सांगावं लागतं (प्रश्न १५).

९. सड्यावरचे (कातळाच्या पठारावरचे) प्लॉट एवढे स्वस्त का असतात?

कातळावर पाणी नाही, माती नाही, वारा मोकाट आणि झाड लावायला सुरुंग. सपाट जागा, लांबवर दिसणारा समुद्र आणि पावसाळ्यानंतर फुलणारं गवत हे सगळं खरंच सुंदर असतं, आणि वर्षातले पंधरा दिवस येणाऱ्याला तेवढं पुरतंही. कायमचं राहायचं असेल तर आधी प्रश्न ८ सोडवा. चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण) जवळपास आहे का तेही पाहा. आज नसली तर शेजारचा सडा कोणाचा आहे, ते विचारा.

१०. प्लॉटपर्यंत पक्का रस्ता आहे. तरी वकील रस्त्याबद्दल का विचारतोय?

कारण डांबर असलं म्हणजे हक्क असतो असं नाही. ग्रामपंचायतीच्या नोंदीत तो रस्ता आहे का, मंजूर रेखांकनात दाखवला आहे का, की कोणाच्या तरी बागेतून तोंडी परवानगीने गेला आहे? पाणंद आणि पाखाडी यांवर वहिवाट असते, पण ती पायी जायची. सिमेंटचा ट्रक तिथून नेला की भांडण. सरकारी मोजणी करून "क" प्रत नकाशा घ्या. हद्दीचा गडगा नेमका कोणाचा हेही त्यातच कळतं.

११. रेरा नंबर आहे. म्हणजे प्रकल्प सुरक्षित, असं समजायचं का?

नोंदणी झाली आहे एवढंच समजायचं. महारेराच्या संकेतस्थळावर जाऊन तो नंबर स्वतः शोधा आणि तिथले कागद उघडून वाचा: मालकीबाबत वकिलाचा अहवाल, मंजूर नकाशे, खटले, पूर्ण करण्याची तारीख, आधी किती वेळा मुदत वाढवली. एकाच बिल्डरच्या आधीच्या प्रकल्पांच्या तारखा तिथे सापडतात. त्या माणसाची सवय कळायला ते पुरेसं आहे.

नोंदणीकृत प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग त्याच प्रकल्पाच्या जमीन आणि बांधकामासाठी वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा उशिरा दिला तर व्याज द्यावं लागतं. महाराष्ट्राच्या नियमांत ते स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत दर) अधिक दोन टक्के असं आहे. विहिरीत पाणी आहे की नाही, हे मात्र रेरा सांगत नाही.

१२. बिल्डर म्हणतो, "सहाच बंगले आहेत, रेरा लागत नाही." खरं आहे का?

असू शकतं. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीतून सूट आहे. पण हा हिशोब सगळे टप्पे मिळून करायचा असतो. आज सहा, पलीकडच्या वर्षी "फेज टू" म्हणून आणखी सहा, असा बेत असेल तर सूट लागू नाही. पाटीवर "फेज वन" लिहिलेलं असेल तर त्याने स्वतःच उत्तर दिलं आहे.

खरोखरच लहान काम असेल तर घाबरायचं कारण नाही. कोकणातले काही उत्तम बांधकाम करणारे लोक चार-पाच घरांच्या वर कधी गेलेच नाहीत. फक्त मग जे संरक्षण कायद्याने मिळालं असतं, ते करारात लिहून घ्यावं लागतं.

१३. बिल्डरचं आधीचं काम कसं पारखायचं? नमुना घर तर झकास आहे.

नमुना घर पाहू नका. त्याने बांधलेलं, निदान तीन पावसाळे खाल्लेलं घर दाखवायला सांगा. पत्ता तो देईल. वेळ तुम्ही ठरवा, आणि ती जुलैतली असावी.

तिथे काय पाहायचं? नैर्ऋत्येकडच्या भिंतीची आतली बाजू. झड तिकडूनच येते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंग फुगला आहे का, हात लावल्यावर पोपडे येतात का. छज्ज्यांना खाली पाणी ओघळू नये म्हणून खाच ठेवली आहे का. बाल्कनीच्या खालच्या बाजूला गंजाचे तपकिरी डाग म्हणजे सळईवर काँक्रीटचं आवरण कमी पडलं. कपाटं उघडून वास घ्या. दाराच्या चौकटी जमिनीला टेकतात तिथे वाळवीची मातीची रेघ आहे का. मग जोतं: अंगणापासून किती वर आहे आणि पागोळ्यांचं पाणी कुठे जातं.

घरमालकाला एकच प्रश्न विचारा: गळायला लागलं तेव्हा बिल्डर आला का? कोकणात पहिल्या पावसात काहीतरी गळतंच. म्हणून "आमच्याकडे गळत नाही" म्हणणाऱ्यापेक्षा "ऑक्टोबरात येऊन दुरुस्त करून गेला" असं ज्याच्याबद्दल ऐकायला मिळेल, तो बिल्डर निवडा.

गवंडी आणि सुतार कोण आहेत तेही विचारा. टोळी दर साइटला बदलत असेल तर मागचं काम पाहून पुढच्याचा अंदाज येत नाही. सिमेंट-वाळूच्या दुकानात उधारी किती थकली आहे याचा कानोसा लागला, तर बिल्डरच्या ताळेबंदापेक्षा तो जास्त उपयोगी.

१४. जांभ्याचं घर घ्यावं की ब्लॉकचं? आणि वर स्लॅब की कौलं?

चिरा चांगला असेल तर जांभा. उन्हाळ्यात गार, स्थानिक, आणि गवंड्यांचा हात बसलेला. पण चिऱ्याची प्रत खाणीनुसार बदलते. पोकळ, मातकट भोकांचा चिरा पाणी ओढतो. बाहेरून उघडा ठेवून नुसतं पॉइंटिंग केलेल्या भिंती फोटोत देखण्या दिसतात. नैर्ऋत्येच्या बाजूला मात्र त्यांना रुंद पडवी किंवा बाहेरून गिलावा हवाच. आजकाल बहुतेक जण आरसीसीचा सांगाडा करून मध्ये चिरा भरतात. ते ठीक आहे, फक्त कॉलम आणि चिऱ्याच्या सांध्यात जाळी मारली आहे का पाहा. भेग तिथूनच जाते.

छपराचं म्हणाल तर स्लॅबवर उतरतं छप्पर, मग कौलाचं असो की पत्र्याचं, हे कोकणातल्या पावसाला सगळ्यात मानवतं. नुसती सपाट गच्ची नको. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्याला लागलं तेव्हा पत्रे आणि कौलं मैलोगणती उडाली. म्हणून छपराचा सांगाडा स्लॅबला कसा जखडला आहे, हे नकाशावर दाखवायला सांगा. आणि माकडं. कौलांची खरी शत्रू तीच.

काँक्रीटबद्दल एवढं विचारा: किनारी हवेसाठी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किमान एम ३० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगितलं आहे, खारे तुषार थेट लागणार असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. बिल्डरचा इंजिनियर एम २० म्हणाला तर का, ते विचारा. खाडीची न धुतलेली रेती कुठेही वापरू देऊ नका. तिच्यातलं मीठ सळई आतून खातं.

१५. प्लॅनमध्ये कोणते बदल मागता येतात आणि कधीपर्यंत?

सहसा मिळतात ते बदल: आतल्या बिनभाराच्या भिंती, ओट्याची दिशा, खिडक्यांची मापं, देवघर, विजेचे पॉइंट, फरश्या, परसातली धुण्याची जागा, समुद्रावरून आल्यावर बाहेरूनच शिरता येईल असं न्हाणीघर. मिळत नाहीत ते: कॉलमची जागा, जिना, संडास-न्हाणीची उभी ओळ, हद्दीपासूनचं अंतर. जोत्याची उंची बऱ्याच जणांना सुचतच नाही, आणि खरं तर पहिली मागणी तीच असावी. दुसरी, पडवीची रुंदी. या दोन गोष्टी महागड्या फिटिंगपेक्षा घराला जास्त वर्षं देतात.

मुदत बांधकामाच्या टप्प्याने ठरते. पायाच्या आधी: जोतं, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँकची जागा (शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर लांब). भिंतींच्या आधी: खिडक्या-दारं. गिलाव्याच्या आधी: वीज आणि नळ. यानंतरचा बदल म्हणजे तोडफोड.

प्रत्येक बदल लेखी हवा. वाढीव खर्च किती, आणि तुम्ही काही वगळलं असेल तर त्याची वजावट किती, हे दोन्ही लिहा. वजावट विसरण्यात बिल्डर लोक तरबेज असतात. बदलामुळे घराचा बाहेरचा आकार बदलत असेल, समजा पडवी बंद करून खोली केली, तर सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. नाहीतर शेवटी भोगवटा प्रमाणपत्र अडकतं. उलट बाजूने, तुमच्या संमतीशिवाय मंजूर नकाशात बदल करायला रेरा कायद्याच्या कलम १४ ने बिल्डरला मनाई आहे.

१६. पैसे कधी आणि किती द्यायचे?

महाराष्ट्राच्या नमुना करारात कमाल टप्पे दिलेले आहेत. एकूण रकमेपैकी करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झाल्यावर ४५, स्लॅब झाल्यावर ७०, भिंती, आतला गिलावा, फरश्या आणि दारं-खिडक्या झाल्यावर ७५, पुढे ८०, ८५, ९५ असं करत उरलेले ताब्याच्या वेळी. बंगल्यात स्लॅब लवकर होतो, त्यामुळे ७० टक्के पैसे पटकन जातात आणि खरं वेळखाऊ काम मागे राहतं. वाटाघाट करायचीच असेल तर इथे करा: स्लॅबला ६०, आणि बाहेरचा गिलावा व छपराला जास्त.

"पावसाआधी स्लॅब टाकायचाय, आज पाठवा" असा फोन मे महिन्यात येणारच. टप्पा खरोखर पूर्ण झाल्याचा इंजिनियरचा दाखला आला की मगच पाठवा.

१७. जीएसटी किती लागतो?

बांधकाम चालू असलेलं घर रेराच्या प्रकल्पात घेतलं तर ५ टक्के. ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर १ टक्का. महानगर क्षेत्रात ही क्षेत्रमर्यादा ६० चौरस मीटर आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलं तर नाही. नुसत्या प्लॉटवर नाही. ठेकेदाराकडून स्वतःच्या प्लॉटवर बांधून घेतलं तर सहसा १८ टक्के.

१८. जागा आमचीच आहे, वडिलोपार्जित. बिल्डर फक्त त्याच्या प्लॅनने बांधून देणार. मग यातलं काय लागू?

जमिनीचे प्रश्न सुटत नाहीत, फक्त भाऊबंदकीत जातात. बांधायच्या आधी वाटणी नोंदवून घ्या; सामाईक जागेत एकट्याने बांधलेलं घर पुढे सगळ्यांच्या बोलण्यात येतं. रेरा इथे नाही, त्यामुळे सगळी मदार करारावर: साहित्याची यादी कंपनी आणि प्रतीसह, दर चौरस फुटाचा की कामाच्या मापाचा, पडवी निम्मी मोजायची की पूर्ण, दोषदुरुस्तीची वर्षं, विलंबाला दंड. बिल्डरने काम नीट केलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

जुनं घर पाडून बांधत असाल तर वासे, खांब, कौलं आणि चिरे कोणाचे, तेही लिहा. सागाची जुनी तुळई "कचरा" म्हणून निघून गेल्याचं रडगाणं नेहमी कानावर येतं.

१९. आम्ही मुंबईत. देखरेख कशी करायची?

भावकीतल्या कोणाला सांगू नका. काम बिघडलं तर नातंही बिघडतं. तालुक्याच्या ठिकाणचा, बिल्डरशी संबंध नसलेला इंजिनियर टप्प्यागणिक भेटीच्या फीवर नेमा. पायाची सळई, स्लॅबची सळई, वॉटरप्रूफिंग आणि वाळवीचं औषध हे चार दिवस त्याने हजर असायलाच हवेत, कारण या चारही गोष्टी नंतर झाकल्या जातात. व्हॉट्सॲपवर रोजचे फोटो मागवा, पण सळईच्या शेजारी टेप धरून काढलेले. काँक्रीटवर पाणी मारणं गणपतीत, शिमग्यात आणि गावच्या जत्रेत बंद पडतं, तेव्हा एक फोन जास्त करा.

२०. गावात बाहेरचे म्हणून वागवतील का? की गेट असलेली कॉलनीच बरी?

कॉलनीत रखवालदार मिळतो. गावात शेजार मिळतो. बंद घराच्या छपरावर फांदी पडली तर फोन शेजारी करतो. पण गावाचीही अपेक्षा असते. शिमग्याची पालखी दारी येते, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी येते, आणि वर्षानुवर्षांची पायवाट तुमच्या कुंपणातून जात असेल तर ती बंद करू नये असं गावाला वाटतं. कुंपण घालण्याआधी वाडीतल्या जाणत्या माणसाला विचारून घ्या.

जागा ठरवताना आसपासचा उद्योगही पाहा: सुकी मासळी घालायची जागा, कोळंबी प्रकल्प, क्रशर, आंबा कॅनिंग. सुकवलेल्या बांगड्याचा वास ही गावाची चूक नाही. तुम्ही नंतर आलात. पावसाळी रात्री दवाखाना किती लांब, आणि वाटेत एखादा साकव पाण्याखाली जातो का, हेही विचारून ठेवा.

२१. ताबा घेताना काय तपासावं? आणि पहिल्या पावसात गळलं तर?

ताबा घेण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र, ग्रामपंचायतीच्या घरपत्रकावर नोंद, वीजजोडणी तुमच्या नावावर आणि बदलांसह अंतिम नकाशा हातात हवा. मे अखेरीस ताबा द्यायची बिल्डरला घाई असते. एक गोष्ट त्याआधी करून घ्या: न्हाणीघरं आणि जिथे जिथे सपाट स्लॅब आहे तिथे पाण्याची वाट बंद करून दोन दिवस पाणी साठवा आणि खालून पाहा.

तरी गळलं तर रेराच्या प्रकल्पात ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरची असते आणि कळवल्यापासून ३० दिवसांत त्याने विनामोबदला दुरुस्त करायचं असतं. फोनवर सांगून भागत नाही. ईमेल किंवा रजिस्टर पोस्टाने, तारीख असलेल्या फोटोंसह कळवा. भर पावसात बाहेरची दुरुस्ती टिकत नाही हे बिल्डरचं म्हणणं खरं असतं, तेव्हा ऑक्टोबरातली तारीख त्याच्याकडून लेखी घ्या, आणि तोवर आतून रंग लावू देऊ नका. रंग लागला की डाग कुठे होता हे कोणालाच सांगता येत नाही.